जुन्या टर्बोचे दात

जुनी मोटार विकत घ्यायला निघालेले नागपुरातील मध्यमवर्गीय कुटुंब जी पाहणी करते तिचे वैशिष्ट्य असे की, विक्रेत्याने आदल्या संध्याकाळी ज्या ज्या ठिकाणी फडका फिरवलेला असतो, नेमकी तेवढीच ठिकाणे ती अत्यंत बारकाईने तपासते. दारे तीन-तीनदा उघडून लावली जातात, कारण दाराच्या आवाजावरून गाडीचे घराणे कळते अशी एक दृढ समजूत आहे; रंग कारखान्यातला की नंतर मारलेला, हे ठरवण्यासाठी पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक होते; आणि कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ पुरुष पुढच्या टायरला चपलेने एक लाथ मारतो. त्या लाथेतून नेमके काय समजते हे आजवर कोणत्याही ज्येष्ठ पुरुषाने उघड केलेले नाही, तरी लाथेनंतर त्याने मान डोलावली की पाहणीचा पहिला टप्पा पार पडला असे मानण्याचा प्रघात आहे. मुले दरम्यान पडद्याला फोन जोडून गाणी लावतात, गृहिणी डिकीत सिलिंडर मावेल की नाही याचा अंदाज घेतात, आणि शेवटी कोणाच्या तरी आग्रहावरून बॉनेट उघडले जाते. त्याखालच्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे सर्वजण क्षणभर आदराने पाहतात, एखादा मेहुणा ‘टर्बो आहे’ असे हलक्या आवाजात म्हणतो, आणि बॉनेट पुन्हा लावले जाते.

याच समाजाच्या दोन-तीन पिढ्या आधीच्या माणसाने बैल असा कधीच घेतला नसता. विदर्भातील बैलबाजारात जनावराची झूल, शिंगांना लावलेला रंग आणि गळ्यातील घुंगरमाळ यांच्याकडे शेतकरी ढुंकूनही पाहत नसे. तो सरळ जबडा उघडून दात मोजत असे. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती आणि जुळलेला हा चढता क्रम त्याला तोंडपाठ असे, आणि विकणाऱ्याने वय काहीही सांगितले तरी दातांना खोटे बोलता येत नसल्यामुळे व्यवहार दातांच्या साक्षीने होई. दर ठरवताना रुमालाखाली बोटे दाबली जात, म्हणजे किंमत गुप्त आणि वय उघड अशी व्यवस्था होती. मोटारींच्या बाजारात तिची बरोबर उलटापालट झाली असून किंमत मोठ्या अक्षरांत काचेवर लिहिलेली असते आणि वय शोधून काढावे लागते. टर्बो असलेल्या जुन्या गाडीलाही दात असतात, परंतु ते जबड्यात नसून तेलात, नळ्यांत, इंजिनाच्या संगणकात आणि पूर्वीच्या मालकाच्या सवयींत विखुरलेले असतात. आणि ते मोजायचे तर मान डोलावणाऱ्या ज्येष्ठांपेक्षा हात काळे करणाऱ्या मिस्त्रीला बरोबर नेणे अधिक श्रेयस्कर ठरते.

टर्बोचार्जर, किंवा बोलीभाषेत नुसता टर्बो, म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसवलेली दोन छोटी पातेचक्रे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एका चक्राला फिरवतो, त्यामुळे दुसऱ्या टोकाचे चक्र फिरते, आणि ते बाहेरची स्वच्छ हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त मिळाली की इंधनही जास्त जाळता येते, आणि लहानसे इंजिन मोठ्या इंजिनाइतकी ताकद दाखवू लागते. दाबल्यामुळे तापलेली हवा थंड करण्यासाठी वाटेत इंटरकूलर नावाची जाळी असते, आणि दाब प्रमाणाबाहेर गेल्यास जळका वायू चक्राला वळसा घालून सोडून देण्यासाठी वेस्टगेट नावाचे झडपेवजा दार असते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, तेव्हा वाया जाणाऱ्या वायूकडूनही काम करून घेणे हा त्याचा हेतू होता. भारतीय मोटारींत हे यंत्र घरोघर पोहोचण्यामागे मात्र काटकसरीच्या जोडीला करप्रणालीही उभी होती. २००६ सालापासून चार मीटरांपेक्षा आखूड आणि पेट्रोलसाठी १२०० घनसेंटिमीटर, डिझेलसाठी १५०० घनसेंटिमीटर या मर्यादेत बसणाऱ्या गाडीला कमी कर लागू झाला, आणि इंजिनाचा आकार सरकार मोजते पण त्यात कोंबलेली हवा मोजत नाही, हे कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्या दृष्टीने टर्बो हा यंत्राच्या रूपात अवतरलेला करसल्लागारच होय, आणि सर्व करसल्लागारांप्रमाणे तोही सांभाळला तरच फायद्याचा ठरतो.

सांभाळणे म्हणजे काय, हे या यंत्राच्या इतिहासातच लिहून ठेवलेले आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो असलेली प्रवासी मोटार बाजारात आली; तिच्या इंजिनाला ठोके पडू नयेत म्हणून शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीत भरावे लागे, आणि ते भरायचे ग्राहक विसरत असत. शेवटी अनेक गाड्यांचे टर्बो कंपनीनेच काढून तेथे साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. यंत्र चांगले होते, मालक विसराळू निघाले. आणि तेव्हापासून आजतागायत टर्बोच्या मृत्यूची कारणे शोधणाऱ्याला बहुतेक वेळा मालकाच्याच दारापर्यंत यावे लागते.

याचे कारण टर्बोच्या राहणीमानात आहे. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो फक्त तेलाच्या पातळ थराचा. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका बाजूचा वायू ९०० अंशांच्या पुढे तापलेला असू शकतो, तर दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते, जी नागपुरात मे महिन्यात स्वतःच ४५ अंशांच्या वर गेलेली असल्याने तिला थंड बाजू म्हणणे हा केवळ सौजन्याचा भाग ठरतो. गाडी जोरात चालवून आल्यावर इंजिन तत्काळ बंद केले तर तेलाचा प्रवाह थांबतो, तापलेल्या पोकळीत अडकलेले तेल जळून त्याची काजळी धरते, आणि ही काजळी पुढे तेलाच्या बारीक वाटा बुजवते. उपाय अगदीच साधा आहे: वेगाने लांबचे अंतर कापल्यावर इंजिन मिनिटभर नुसते चालू ठेवावे. नव्या गाड्यांत टर्बोला पाण्याचे शीतन असल्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला आहे, परंतु माणसाच्या घाईला असे कोणतेही शीतन अद्याप बसवलेले नाही. समृद्धी महामार्गावर, जो डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी असा आणि जून २०२५ मध्ये मुंबईजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला, ताशी १२० या कमाल वेगाने, किंवा तो वेग म्हणजे किमान मर्यादा असावी अशा समजुतीने, आलेला चालक थांब्यावर वळतो, ब्रेक दाबता दाबताच किल्ली फिरवतो आणि स्वच्छतागृहाकडे धावतो. मानवी दृष्टीने ही घाई समर्थनीय असली तरी त्या मिनिटात टर्बोवर काय गुदरते याची नोंद कोणत्याही सर्व्हिस पुस्तिकेत होत नाही.

जुनी टर्बो गाडी घेणारा मनुष्य म्हणूनच पत्रा आणि यंत्र यांच्याबरोबर एका अनोळखी माणसाचा स्वभावही विकत घेत असतो. विक्रेत्यांनाही हे उपजत ठाऊक असल्यामुळे त्यांच्या परिभाषेत यंत्रापेक्षा मालकाचेच वर्णन अधिक आढळते. ‘सिंगल हँड’ म्हणजे गाडी एकाच मालकाकडे राहिली. त्या एका मालकाच्या घरात वाहन चालवायला शिकणारी किती मुले होती हे त्यात येत नाही. ‘शोरूम मेंटेन’ म्हणजे फुकटच्या सर्व्हिसिंग शोरूममध्ये झाल्या, आणि त्यापुढच्या इतिहासाबद्दल आदरयुक्त मौन पाळावे. ‘इंजिन खोललेलं नाही’ हे वाक्य तर इतक्या अभिमानाने उच्चारले जाते की, ज्या इंजिनाला खोलण्याची नितांत गरज होती तेही न खोलल्याचे श्रेय विक्रेता घेऊन जातो. ‘काका, इंजिनाले अजून पानाच नाही लागला, तुम्ही फक्त पेट्रोल टाका अन् चालवा,’ असे तो सांगतो तेव्हा त्यातील पहिला भाग बहुधा खरा असतो, तेल बदलण्यासाठीसुद्धा पाना लागत असतो हे लक्षात घेता चिंताजनक असावा इतका खरा.

या परिभाषेतील सर्वांत प्रतिष्ठित संज्ञा ‘डॉक्टरची गाडी’ ही होय, आणि तिची चिकित्सा थोडी विस्ताराने करणे आवश्यक आहे. धंतोली आणि रामदासपेठ या दोन वस्त्यांत नागपुरातील रुग्णालयांची एवढी दाटी आहे की, तेथील डॉक्टरचे घर आणि दवाखाना यांत जेमतेम दोन-तीन किलोमीटरचे अंतर असते. त्यामुळे त्याची गाडी सात वर्षांत तीस हजार किलोमीटरच चाललेली असते, बसण्याच्या जागांवर सुरकुती नसते, आणि ग्राहक मोहून जातो. परंतु असे इंजिन पुरते तापण्यापूर्वीच दररोज बंद झालेले असते. अर्धवट तापलेल्या इंजिनात पाण्याची वाफ आणि न जळलेले इंधन तेलात उतरते; डिझेल असेल तर टर्बोच्या आत वायूचा झोत कमीजास्त करणारी हलती पाती काजळीने जागच्या जागी चिकटतात; आणि एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा मानकाची डिझेल गाडी असेल तर तिच्या धुराच्या नळीतील काजळी अडवणारा गाळणी-डबा, ज्याला डीपीएफ म्हणतात, तो भरत जातो, कारण आतली काजळी जाळून टाकण्याइतकी उष्णता मिळवायला गाडीला मोकळ्या रस्त्यावर सलग धाव हवी असते. ती धाव शंकरनगर चौकातल्या सिग्नलवर मिळत नाही. याउलट गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ असा वर्षानुवर्षे दौरा करणाऱ्या औषध कंपनीच्या प्रतिनिधीची गाडी एक लाखाच्या पुढे गेलेली असली तरी तिचे इंजिन रोज व्यवस्थित तापलेले, आणि बिले कंपनी भरत असल्यामुळे तेलही वेळेवर बदललेले असण्याची शक्यता अधिक असते. एकाच औषधाच्या व्यवहारातील या दोन माणसांपैकी बाजार डॉक्टरला जास्त भाव देतो, हे सामाजिक दृष्ट्या समजण्याजोगे असले तरी यांत्रिक दृष्ट्या उफराटे आहे.

प्रत्यक्ष परीक्षेची पहिली अट अशी की, इंजिन थंड असताना ते सुरू होताना पाहावे, कारण जी काही रड असते ती इंजिन पहिल्या अर्ध्या मिनिटात रडून घेते. विक्रेत्यालाही हे माहीत असल्याने ग्राहक पोहोचतो तेव्हा गाडी ‘तुम्ही येणार म्हणून’ आधीच सुरू करून ठेवलेली असते. हा आदरातिथ्याचा प्रकार चहाआधी घडतो आणि चहापेक्षा महाग पडतो. पाश्चात्त्य देशांतील मार्गदर्शक सांगतात की बॉनेटला हात लावून ते गरम आहे का पाहावे. नवतपाच्या दिवसांत, म्हणजे मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरल्यावरच्या नऊ दिवसांत, हा उपाय नागपुरात करून पाहणाऱ्याला उन्हात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीचे इंजिन सुरू होते असा निष्कर्ष काढावा लागेल, आणि शिवाय तळहाताला मलम लावावे लागेल. म्हणून पाहणी सकाळी सहाला ठेवणे इष्ट. विक्रेता त्या वेळेला राजी होत नसेल तर तेवढ्याने दोन गोष्टी सिद्ध होतात, त्यांपैकी एक झोपेविषयीची असू शकते.

धुराचे वाचन ही त्यानंतरची पायरी. डिसेंबरच्या सकाळी नळीतून थोडी पांढरी वाफ निघून विरून जाणे स्वाभाविक आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकून राहिला आणि त्याला गोडसर वास असला तर शीतनाचे पाणी आत झिरपत आहे असे समजावे. काळा दाट धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी, ज्याचे कारण तुंबलेली गाळणी, फुटलेली नळी किंवा थकलेला टर्बो यांपैकी काहीही असू शकते. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. आणि तो विशेषतः इंजिन पाच-दहा मिनिटे मंद गतीने चालू ठेवून मग एकदम रेस केल्यावर निघाला तर टर्बोच्या दांड्याजवळील सील गेलेले असण्याचा दाट संशय घ्यावा. ही दहा मिनिटे कशी काढावीत हा व्यावहारिक प्रश्न आहे, कारण विक्रेता त्या अवधीत एसी, सनरूफ आणि गाण्यांचा आवाज यांचे प्रात्यक्षिक आरंभतो. आवाजाच्या प्रात्यक्षिकाला तर सौम्य पण निश्चित नकार द्यावा, कारण टर्बोची बारीक शिट्टी, वेस्टगेटच्या दाराची खडखड आणि फाटक्या नळीतून निसटणाऱ्या हवेची फुसफुस ही तिन्ही लक्षणे त्या गाण्याखाली गाडली जातात.

नागपुरी मिस्त्री या सर्वांच्या आधी ‘बॅक कॉम्प्रेशन’ पाहतो. इंजिन चालू असताना तेल मोजण्याची पट्टी ओढून काढायची किंवा तेलाचे झाकण सैल करून उलटे ठेवायचे, आणि तेथून धुराचे फुत्कार येतात का, झाकण थडथडते का हे पाहायचे, अशी ही पद्धत आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर दट्ट्यावरचा दाब खाली तेलाच्या पात्रात उतरतो आणि या वाटेने बाहेर पडतो, हे तिच्यामागचे तत्त्व. पद्धत खरी आहे, पण तिच्यावरच्या श्रद्धेचा विक्रेत्यांनीही अभ्यास केला असून, पातळ सिंथेटिक तेलाची शिफारस असलेल्या इंजिनात दाट तेल ओतले की फुत्कार काही दिवस दबून राहतात हे त्यांनी शोधून काढले आहे. तेलाच्या रंगावरून निकाल देणारा दुसरा एक संप्रदाय आहे. पट्टीवर काळे तेल दिसताच या संप्रदायाचे लोक नाक मुरडतात. वास्तविक डिझेलचे तेल बदलल्यापासून थोड्याच दिवसांत काळे पडते, आणि सात वर्षांच्या डिझेल गाडीत मधासारखे सोनेरी तेल दिसले तर कौतुकापेक्षा ते काल संध्याकाळीच का बदलावे लागले याची चौकशी करणे अधिक योग्य. झाकणाच्या आतल्या बाजूस चिकट काळा राळेसारखा थर असेल किंवा दुधाळ फेस असेल, तर मात्र रंगाची साक्ष ग्राह्य धरावी.

टर्बोची खरी नाडीपरीक्षा त्याच्या तोंडाची रबरी नळी काढल्यावर होते. दोन बोटांत दांड्याचे टोक धरून ते किंचित वरखाली हलवून पाहतात; थोडीशी हालचाल तेलाच्या थरासाठी ठेवलेली जागा असल्याने क्षम्य असते, परंतु दांडा पुढेमागे सरकत असेल किंवा पाती आवरणाला घासल्याच्या खुणा असतील तर तो टर्बो निवृत्त होण्याच्या बेतात आहे असे समजावे. नवीन टर्बोची किंमत पाच आकडी, आणि काही गाड्यांच्या बाबतीत सहा आकडी असते, ही गोष्ट हळू आवाजात पण विक्रेत्याला ऐकू जाईल अशी बोलावी. नळीत तेलाचा पुसट ओलावा असणे नैसर्गिक आहे. ते थेंबाथेंबाने साचलेले असणे नैसर्गिक नाही. ही नळी काढायला बहुतेक विक्रेते परवानगी देत नाहीत आणि ‘भाऊ, ते कंपनी फिटिंग आहे’ असे कारण देतात, जणू बाकीची गाडी त्यांनी घरी बसून तयार केली असावी.

नळी निघाली नाही तरी हवेच्या गाळणीचा डबा उघडायला कोणी हरकत घेत नाही, आणि नागपूर परिसरात हा डबा एखाद्या जिल्ह्याच्या भूगोलाइतका बोलका असतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे, म्हणजे स्थानिक बोलीतल्या वेकोलिचे, मुख्यालय नागपुरात आहे आणि तिच्या खाणी उमरेड, सावनेर, वणी, चंद्रपूर अशा चहूकडे पसरलेल्या आहेत. त्या भागात फिरलेल्या गाडीची गाळणी कोळशाच्या धुळीने काळी होते, तर कोराडी आणि खापरखेडा या औष्णिक वीज केंद्रांच्या परिसरात राखाडी. गाळणी वेळेवर न बदलल्यास बारीक धूळ आत शिरून टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते आणि पुढे सिलिंडरही घासते. पाटीवर एमएच ३४, म्हणजे चंद्रपूर, किंवा एमएच २९, म्हणजे यवतमाळ, असे क्रमांक दिसले तर गाडी वाईट असे मुळीच नाही. परंतु गाडी केवळ देवदर्शनाला नेली जात होती असे विक्रेता सांगत असेल आणि डब्यात पाव किलो कोळसा निघत असेल, तर देवाचे ठिकाण विचारून घ्यावे.

धुळीपेक्षा पाण्याचा इतिहास शोधणे कठीण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, आणि अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट ते सीताबर्डीपर्यंतच्या वस्त्यांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. त्या सर्व गाड्या नंतर कोठे गेल्या, हा प्रश्न जुन्या गाडीच्या ग्राहकाने स्वतःला विचारलाच पाहिजे, कारण गाड्यांना पुनर्जन्म असतो आणि तो बहुधा दुसऱ्या शहरात होतो. टर्बो गाडीत इंटरकूलर आणि त्याच्या नळ्या पुष्कळदा बंपरच्या मागे खालच्या पातळीवर असतात. पाण्यात उभ्या गाडीला कोणी घाबरून सुरू केले तर पाणी हवेबरोबर आत ओढले जाते, आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे पिस्टनचा दांडाच वाकतो. वाकलेला दांडा पुढे काही हजार किलोमीटर निमूट कामही करू शकतो. म्हणून गालिचा उचलून पाहावा, पुढच्या आसनांच्या रुळांवर गंज आणि स्टेपनीच्या खळग्यात वाळलेला गाळ आहे का ते तपासावे, विम्याच्या दाव्यांचा इतिहास कंपनीकडून मागवावा, आणि गाडीत उदबत्ती, अत्तर व चंपाकळीचा डबा असे तीन सुगंध एकाच वेळी दरवळत असतील तर चौथ्या वासाचा शोध सुरू करावा.

चाचणीफेरीसाठी इंजिनावर भार यायला हवा आणि भार यायला चढ हवा. नागपूरची जमीन मात्र सेमिनरी हिल्सचा परिसर सोडल्यास बरीचशी सपाट आहे. ही भौगोलिक उणीव सार्वजनिक बांधकामाने भरून काढली असून, आता शहरातील चढ म्हणजे उड्डाणपूल अशी व्याख्या करण्यास हरकत नाही. वर्धा मार्गावरचा किंवा कामठी मार्गावर एलआयसी चौकापासून ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाणारा दुमजली पूल चढताना तिसऱ्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवरून पूर्ण पेडल दाबावे. साधारण १८०० ते २००० फेऱ्यांच्या आसपास पाठीला सीटचा स्पष्ट रेटा जाणवला, तो अखंड टिकला आणि मागे आरशात धुराचा पडदा उभा राहिला नाही, तर टर्बो कामावर हजर आहे. विक्रेता या फेरीत शेजारी बसून सतत बोलतो आणि तिसऱ्या गिअरच्या नेमक्या क्षणी ‘आता आरामात घ्या’ असा सल्ला देतो. हा सल्ला गाडीविषयीचे सर्वांत प्रामाणिक विधान असू शकतो.

यानंतर उरतो तो इंजिनाचा संगणक, आणि सुरकुत्या लपवलेल्या माणसाच्या जन्मदाखल्याप्रमाणे तो फार अडचणीच्या वेळी बोलतो. डॅशबोर्डखालच्या खोबणीत हजार-दोन हजार रुपयांचे स्कॅनर जोडले तरी साठवलेले दोष संकेतांकांत वाचता येतात. पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी, पी ०२३४ म्हणजे प्रमाणाबाहेर. अनुभवी विक्रेता हे संकेतांक पाहणीपूर्वी पुसून टाकतो. परंतु स्मृती पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली याचीही नोंद अनेक संगणक ठेवतात, आणि जिच्याबद्दल ‘दोन वर्षांत एक लाइट नाही पेटला’ असे सांगितले गेले तिची स्मृती चार किलोमीटरपूर्वी, म्हणजे गॅरेजपासून ग्राहकाच्या फाटकापर्यंतच्या अंतरात, पुसलेली आढळते. तेव्हा विक्रेत्याच्या चेहऱ्यावर जे निरागस आश्चर्य उमटते ते नाट्यशास्त्राच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावे. मीटर मागे फिरवण्याची कला आता लॅपटॉपवर आली असली तरी पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची झिजलेली कातडी आणि अधिकृत सर्व्हिस केंद्रातील जुन्या नोंदी यांना मागे फिरवणारा लॅपटॉप अजून कोणी आणलेला नाही.

इंजिनांच्या कुळांविषयी थोडक्यात. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल, जे २००७ पासून मारुतीच्या स्विफ्टमध्ये आले आणि टाटापासून अनेकांच्या गाड्यांत बसल्यामुळे देशाचे राष्ट्रीय इंजिन म्हणून विनोदाने ओळखले गेले, ते २०२० मध्ये बंद झाले तरी प्रत्येक गल्लीतील मिस्त्रीला अवगत आहे. त्यात साखळी असते, आणि थंड सुरुवातीला तिची खळखळ ऐकावी. फोर्डच्या इकोस्पोर्टमध्ये २०१३ साली आलेले एक लिटरचे तीन सिलिंडरचे पेट्रोल इंजिन इतके लहान होते की त्याचा ठोकळा एका ए-फोर कागदावर उभा राहतो असे कंपनी सांगत असे, म्हणजे विक्रीचे प्रतिज्ञापत्र आणि इंजिन एकाच आकाराचे. त्याचा टायमिंग पट्टा तेलात बुडालेला असल्यामुळे चुकीचे तेल घालणाऱ्या मालकाला तो क्षमा करत नाही. इथेनॉलचे २० टक्के मिश्रण देशभर रुळले असून त्याचे सर्वांत उत्साही पुरस्कर्ते नितीन गडकरी हे नागपूरचेच खासदार असल्याने, एप्रिल २०२३ पूर्वीची पेट्रोल गाडी घेणाऱ्या नागपूरकराने इंधनाच्या रबरी नळ्या पाहून घेणे हे निदान स्थानिक अस्मितेला धरून होईल.

ज्या बाजारात विकणाऱ्याला मालाविषयी सर्व माहिती असते आणि घेणाऱ्याला नसते, तेथे चांगल्या मालाचे मालक योग्य भाव मिळत नाही म्हणून हळूहळू बाजूला होतात आणि वाईट माल उरतो, असे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन मांडले. दोन नियतकालिकांनी तो निबंध क्षुल्लक म्हणून परत केला होता. २००१ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. भारत सरकारने या विषमतेवर उपाय म्हणून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे आणि गाडीच्या प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले आहे. ही नोंदवही मागितली असता व्यापारी ज्या नजरेने पाहतो, ती पूर्वी केवळ आयकर खात्यासाठी राखून ठेवलेली असे.

ग्राहकाच्या बाजूने एक साधन मात्र पंचांगातच आहे. पितृपक्षात कोणी वाहन खरेदी करत नाही, दुकाने ओस पडलेली असतात, विक्रेता सकाळी सहालाही येतो, नळी काढू देतो, स्कॅनर लावू देतो आणि किमतीतही नमतो; पूर्वजांना या काळात वंशजांच्या व्यवहारात हस्तक्षेप करण्याची मुभा आहे असे मानले, तर त्यांनी बैलाचे दात मोजलेले असल्याने त्यांची सर्वपित्रीपर्यंतची उपस्थिती उपकारकच म्हणावी लागेल. सौदा तेव्हा ठरवून बयाणा द्यावा आणि गाडी घटस्थापनेला घरी आणावी, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचीही हरकत राहत नाही. त्यानंतर नमुना २९ आणि नमुना ३० वर सह्या, कर्ज असल्यास बँकेचा नमुना ३५, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू एवढे सोपस्कार झाले की गाडी नव्या मालकाची होते. तेल आणि गाळणी मात्र त्याच दिवशी बदलावी, विक्रेत्याने गेल्याच आठवड्यात बदलल्याचे शपथेवर सांगितले असले तरीही, किंबहुना शपथेवर सांगितले असल्यामुळेच.